रिकाम्या मचाणावर हक्क कुणाचा? अमेरिकेच्या सार्वजनिक जंगलांतील एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की एक जुना प्रश्न पुन्हा चर्चेत येतो. सर्वांच्या मालकीच्या जंगलात कुणी झाडावर मचाण बांधून निघून गेला, तर त्याच्या गैरहजेरीत ती जागा त्याचीच राहते का? भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकार बंद झाल्यामुळे हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटेल. मात्र त्याचे मूळ शिकारीत जितके आहे, त्याहून अधिक ते जमिनीच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी या भागातील पांढऱ्या पाइनची जंगले तोडून नेली आणि मागे खुंटांनी भरलेली जमीन राहिली. तिच्यावर शेती करण्याचे बहुतेक प्रयत्न फसले, कर थकत गेले, आणि १९२० व १९३०च्या दशकांत प्रचंड क्षेत्र करथकबाकीपोटी सरकारजमा झाले. विस्कॉन्सिनमधील काउंटींची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) वने आणि मिनेसोटातील सेंट लुईस काउंटीच्या ताब्यातील विस्तीर्ण जंगल यांचा उगम असा आहे. म्हणजे ही जमीन कुणी विचारपूर्वक लोकांसाठी राखून ठेवलेली नव्हती, ती कुणालाच नको म्हणून सार्वजनिक झाली. तिथे कोण काय बांधतो याकडे सुरुवातीला फारसे लक्ष दिले गेले नाही, यात आश्चर्य नाही.

हरणांचे तसे नव्हते. वन्यप्राणी जमीनमालकाचे नसून जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात असतात, ही भूमिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६च्या निकालात स्पष्टपणे मांडली होती. त्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अंदाजे पाच लाखांपर्यंत घसरली होती. पुढे शिकारीवरील निर्बंध, तोडलेल्या जंगलात उगवलेला कोवळा पाला आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील अबकारी करातून मिळालेला निधी यांमुळे हरणे वाढली. आज त्यांची संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते. हरणे वाढली तसे शिकारीही वाढले, आणि मोकळ्या वाटणाऱ्या जंगलात गर्दी होऊ लागली.

मचाणाचा प्रसार होण्यात धनुष्यबाणाचा वाटा मोठा आहे. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. बाणाचा पल्ला कमी असल्याने हरीण अगदी जवळ यावे लागते, आणि उंचावर बसलेल्या माणसाची चाहूल व वास त्याला सहसा उशिरा लागतो. त्या काळी फळ्या आणि खिळे पुरत असत. एकाने ठोकलेले मचाण मुलाकडे, मग नातवाकडे जाई, आणि गावातले लोक ते त्या घराचेच मानत. १९७०च्या दशकापासून झाडावर चढवता येणारी तयार मचाणे बाजारात आली, नंतर पट्ट्यांनी बांधण्याची आणि शिडीची मचाणे आली. जी वस्तू अर्ध्या तासात लावता येते, ती एकाच माणसाला पाच ठिकाणी लावून ठेवता येते. माझ्या मते भांडणाचे खरे कारण इथे आहे. ‘जो आधी येईल त्याची जागा’ हा जुना संकेत हजर असलेल्या माणसासाठी होता, मागे ठेवलेल्या सामानासाठी नव्हता.

राज्यांनी काढलेली उत्तरे वेगवेगळी आहेत. खिळ्यांवरील बंदी बऱ्याच ठिकाणी आहे. संघराज्याच्या वन्यजीव आश्रयक्षेत्रांत तर दुसऱ्याने खिळा ठोकलेल्या झाडावरून शिकार करणेही निषिद्ध आहे. झाडाची जखम हे एक कारण, आणि लाकडात दडलेला खिळा आरागिरणीतल्या कामगाराच्या जिवावर बेतू शकतो हे दुसरे. मिझुरीच्या संवर्धनक्षेत्रांत फक्त सुटे, म्हणजे काढून नेता येणारे मचाण चालते, १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी एवढ्याच काळात, आणि त्यावर नाव-पत्ता किंवा नोंदणी क्रमांक लागतो. विस्कॉन्सिनने राज्य महामार्ग ६४ ही सीमा धरली आहे. तिच्या उत्तरेकडील, राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या जमिनींवर मचाण रात्रभर ठेवता येते, पण एका काउंटीत दोनच. मिनेसोटाचा नियम सर्वांत रोखठोक आहे: सार्वजनिक जमिनीवरचे कायमस्वरूपी मचाण रिकामे असेल, तर ते बांधणाऱ्याचे नसून सर्वांचे आहे. तरीही सेंट लुईस काउंटीत जिने, खिडक्या आणि छपरे असलेली मचाणे उभी राहिली, आणि काउंटीला त्यांच्या आकाराचा विचार करावा लागला.

नियम संपतात तिथे संकेत सुरू होतात. दुसऱ्याच्या सुट्या मचाणावर विनापरवानगी बसू नये, पण त्याच्या रिकाम्या मचाणाने अख्खे रानही अडवू नये. पहाटे तिथे आधीच कुणी असेल तर गुपचूप दूर जावे. हंगाम संपताच मचाण उतरवावे, कारण झाड वाढत राहते, ऊन-पावसाने पट्टे कुजतात, आणि पुढच्या वर्षी त्यावर विश्वासाने चढणारा खाली पडतो. पट्टे कापून सूड घेण्याचे प्रकार होतात; त्यांना खोडी म्हणणे चुकीचे आहे. मचाणावरचे भांडण किती टोकाला जाऊ शकते हे नोव्हेंबर २००४ मध्ये दिसले. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्याच्या मचाणावर बसलेल्या शिकाऱ्याला हटकल्यावर झालेल्या गोळीबारात सहा जण ठार झाले. ती जमीन खासगी होती, आणि त्या घटनेला वांशिक तणावाचेही पदर होते.

अलीकडे कमरेच्या पट्ट्यात बसून झाडाला लटकण्याची पद्धत वाढते आहे. तिच्यात संध्याकाळी सगळे सामान शिकाऱ्याच्या पाठीवर परत येते. दुसरीकडे झाडांवर लावून ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तोच वाद पुढे नेला आहे. पाणवठ्यांभोवती त्यांची गर्दी झाल्यावर ॲरिझोनाने जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली.