ब्रिक गेम म्हणजे गेम बॉय नव्हे

जुन्या खेळण्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "माझ्याकडे गेम बॉय होता." जरा खोदून विचारलं की कळतं, वरून ठोकळे पडायचे, खोक्यावर "९९९९ इन १" छापलेलं होतं आणि दुसरी कॅसेट घालायची सोयच नव्हती. म्हणजे तो ब्रिक गेम. गफलत होणं साहजिक आहे. दोन्ही हातात मावणारे, दोघांचा पडदा हिरवट-करडा, आणि दोघांवर लोक टेट्रिसच, म्हणजे पडणारे ठोकळे रचायचा खेळ, खेळत बसायचे.

खरा फरक काचेत आहे. ब्रिक गेमचा पडदा कॅल्क्युलेटरच्या जातीचा. त्यात १० आडवे, २० उभे असे चौकोन आधीच कोरलेले असतात. एखादा चौकोन एकतर काळा होतो, नाहीतर गायब. उजेडात तिरपा धरून पाहिलात तर न पेटलेले चौकोनही अंधूक दिसतात. बाजूला गुणांचे आकडे असतात, त्यांच्या जागाही ठरलेल्या. शर्यतीतली गाडी मोजून सात चौकोनांची, आणि तरी आपल्याला ती गाडीच वाटायची! ९९९९ चा हिशेब तर निव्वळ चलाखी: मूठभर खेळ, तेच वेग आणि पातळी बदलून मोजलेले.

गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेंडो या जपानी कंपनीने हीच कॅल्क्युलेटरची काच १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' या हातात धरून खेळायच्या खेळात वापरली होती. कंपनीतल्या गुनपेई योकोईंची ती कल्पना. त्यात चौकोनांऐवजी माणसाची चित्रंच काचेत बसवलेली होती आणि एका यंत्रात एकच खेळ. तेव्हा नातं जुळवायचंच असेल तर ब्रिक गेम या घराण्यातला.

१९८९ चा गेम बॉयही योकोईंच्याच चमूने केला, पण त्याचा पडदा कोरा होता. १६० गुणिले १४४ ठिपके, चार छटा. काय दिसायचं ते आत घातलेली कॅसेट, म्हणजे कार्ट्रिज ठरवणार, म्हणून त्यावर आज टेट्रिस तर उद्या मारिओ. त्याला चार पेन्सिल सेल लागायचे.

गंमत म्हणजे दोन मिनिटं हाताशी असताना ब्रिक गेमच जास्त कामाचा, असं माझं मत आहे. गेम बॉय सुरू केला की आधी नाव झळकणार, मग मेनू येणार. ब्रिक गेममध्ये एक बटण दाबलं की ठोकळा पडायलाच लागला. हरलात तरी काही बिघडत नाही, अंगठा आपोआप पुन्हा स्टार्टवर जातो. जागाही त्यातच जास्त: गेम बॉयच्या टेट्रिसमध्ये उभ्या १८ ओळी, इथे २०.

आणखी एक. गेम बॉयवरचं टेट्रिस बंद केलं की तुमचा उच्चांक पुसला जायचा, कारण त्या कार्ट्रिजमध्ये तो साठवायची सोय नव्हती. माझ्या ब्रिक गेममध्ये मात्र बटण बंद केलं तरी आकडा टिकायचा, सेल काढेपर्यंत. त्यामुळे सेल उतरत आले, आवाज चिरका झाला, तरी मी ते बदलायला तयार नसायचो.