तेल नको, जोर नको: सुजलेल्या हाताच्या मालिशची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत मालिश म्हटलं की दिवाळीचं अभ्यंग आठवतं, नाहीतर तालमीतला रगडा. दोन्हींत तेल आणि जोर हवाच. म्हणून स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाईचा हात सुजला की थोरली जाऊ मायेनं कोमट तिळाचं तेल घेऊन बसते. या सुजेला मात्र तेल आणि जोर, दोन्ही चालत नाहीत.

१६२२ साली इटलीत गास्पारे आसेली यानं भरल्या पोटाच्या कुत्र्याची चिरफाड केली, तेव्हा त्याला आतड्यांभोवती दुधाळ रेघांचं जाळं दिसलं. त्या लसीकावाहिन्या होत्या, म्हणजे लसीका हा शरीरातला पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या. रक्तासारखं लसीकेला हृदयाचं ढकलणं नसतं. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, श्वास आणि स्नायूंची हालचाल यांवर ती पुढे सरकते. काखेतल्या लसीकेच्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की तिची वाट अडते, ती हातात साचते आणि हात सुजतो.

अमेरिकेत विल्यम हालस्टेड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत असे. १९२१ मध्ये त्यानंच हाताच्या या सुजेवर लिहिलं आणि तिला शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग म्हटलं. आपल्याकडे आजही काहीजण ही सूज डास चावून होणारा हत्तीरोगच समजतात, ते चूक.

उपाय तोवर सुचलेला होता. ऑस्ट्रियन सर्जन विनिवार्टर यानं १८९२ मध्येच हलका मसाज, पट्ट्या आणि व्यायाम एकत्र सांगितले होते, पण ते मागे पडलं. १९३० च्या दशकात डेन्मार्कचा एमिल वोडर, जो डॉक्टर नव्हता, आणि त्याची पत्नी एस्ट्रिड यांनी फ्रान्समध्ये हळुवार हातांची पद्धत बसवली. पुढे जर्मनीत फोल्डी दांपत्यानं तिला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेच्या काळजीची जोड दिली. घरी स्वतः करायचा सोपा प्रकार याच परंपरेतला.

यातली मेख अशी: सर्वांत बारीक लसीकावाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि कातडी हलकी ताणली की त्यांची तोंडं उघडतात. तेलानं हात घसरतो, कातडी ताणली जात नाही. क्रमही उलटा वाटतो. आधी मान, मग चांगल्या बाजूची काख, मग छाती, मग दंड आणि शेवटी मनगट. राजवाड्यापुढची कोंडी सोडवायची तर पुढची गाडी आधी हलवावी लागते, तसंच. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर मालिश बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. तो जंतुसंसर्ग असू शकतो. शिरेत गुठळी असली किंवा हृदय कमजोर असलं तर विचारल्याशिवाय सुरुवातच नको. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकावं.

नुसत्या मालिशवर भिस्त ठेवू नये. मुख्य काम दाब देणारी बाही करते, मालिश तिला हातभार लावते. पण मे महिन्यात इंदुरात ती घट्ट बाही दिवसभर घालायची म्हणजे परीक्षाच, त्यामुळे बाही कपाटात जाते आणि मालिश तेवढी उरते.