नोकरीविषयक विवादांतील अपील व तडजोड (नाशिक)

बडतर्फी, निलंबन, वेतनवाढ किंवा थकलेला पगार यांवरून कामगार आणि मालक यांच्यात निर्माण झालेला तंटा पहिल्या निकालानंतर वरच्या न्यायालयात नेण्याची अथवा करार करून मिटवण्याची पद्धत. नाशिकमध्ये असे विवाद मुख्यतः सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील कारखान्यांतून उद्भवतात व ते शहरातील कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालय यांच्यासमोर चालत आले आहेत. नाशिकरोडचे चलार्थ पत्र मुद्रणालय (चलनी नोटांचा छापखाना) आणि ओझरचा विमान कारखाना मात्र केंद्राच्या कामगार यंत्रणेखाली येतात.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ खालील निवाड्यावर (न्यायालयाच्या निकालावर) सर्वसाधारण अपीलच नव्हते, हे अनेक कामगारांना खटला संपल्यावरच कळत असे. १९५० मध्ये स्वतंत्र कामगार अपील न्यायाधिकरण स्थापन झाले होते. पण दिरंगाईच्या तक्रारींमुळे १९५६ च्या दुरुस्तीने ते रद्द झाले. तेव्हापासून उरला तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ व २२७ खालील रिट याचिकेचा, म्हणजे थेट उच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचा मार्ग. त्यात उच्च न्यायालय पुराव्याची नव्याने छाननी करत नाही. अधिकारकक्षा ओलांडली गेली का, निष्कर्षाला पुराव्याचा काही आधार आहे का, एवढेच प्रामुख्याने पाहते. अनुचित कामगार प्रथांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमात कामगार न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (आदेश पुन्हा तपासण्याची मागणी) करता येतो, म्हणजे एक पायरी नाशिकमध्येच मिळते. त्यापुढे मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्य पीठाकडे जावे लागते, आणि पगार बंद असलेल्या माणसाला ती वाट फार लांबची ठरते.

ही विषमता ओळखूनच १९४७ च्या अधिनियमात १९८२ च्या दुरुस्तीने कलम १७-ब आणले गेले. पुनर्स्थापनेच्या (कामावर परत घेण्याच्या) निवाड्याला मालकाने वरच्या न्यायालयात आव्हान दिले, तर प्रकरण प्रलंबित असेपर्यंत कामगाराला शेवटच्या दराने पूर्ण वेतन द्यावे लागते. मात्र आपण अन्यत्र नोकरीस नाही, असे शपथपत्र त्याने द्यावे लागते. कामगाराच्या दृष्टीने हे संपूर्ण कायद्यातील सर्वांत मोलाचे कलम म्हणावे लागेल, कारण त्याच्या अभावी जिंकलेला कामगारही उपासमारीमुळे पडेल ती रक्कम स्वीकारण्यास तयार होतो.

तडजोड कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते, परंतु ती कोणासमोर झाली यावर तिचे बळ ठरते. परस्पर झालेला करार फक्त त्यावर सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यापुढील (दोन्ही पक्षांत मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढील) कार्यवाहीत झालेला करार मात्र त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना, संघटनेचे सदस्य नसलेल्यांना आणि नंतर रुजू होणाऱ्यांनाही लागू होतो. म्हणून वेतनवाढीचा करार समेट अधिकाऱ्यापुढे करण्याला संघटनांच्या दृष्टीने महत्त्व असते. लोकअदालतीतील तडजोडीवर अपील चालत नाही.

१९४७ च्या अधिनियमाच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने कराराच्या बंधनकारकतेची आणि प्रलंबित काळातील वेतनाची तरतूद कायम ठेवली आहे. मात्र कामावरून काढलेल्या कामगाराला न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली आहे.