जखमी क्वार्टरबॅकने थांबायचं कधी? साठ वर्षं जुना प्रश्न

११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्स संघाचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ॲरन रॉजर्स अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन धावत मैदानात उतरला आणि मोसमातल्या चौथ्याच चालीला जायबंदी झाला. बफेलो बिल्सच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली ओढलं. तो उठून उभा राहिला आणि मग कोणी हातही न लावता आपणहून खाली बसला. चित्रण पुन्हा दाखवलं तेव्हा डाव्या पोटरीतून सरकलेली लहर स्पष्ट दिसत होती. टाच आणि पोटरी जोडणारा अकिलीस टेंडन तुटला होता. रॉजर्सचं वय ३९, चाळिशीला तीन महिने कमी. हा सामना झाला ते मेटलाइफ स्टेडियम न्यू जर्सीत आहे, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतही जेट्सवर जीव टाकणारे आहेत. दुसऱ्या दिवसापासून चर्चा एकच होती: आता याने थांबावं का?

असा प्रश्न पहिल्यांदा पडत नव्हता. अमेरिकन फुटबॉलमध्ये दर काही वर्षांनी एखादा मोठा क्वार्टरबॅक जखमी होऊन पडतो आणि सगळा देश त्याच्या वतीने विचार करू लागतो. इतकी वर्षं हे पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की दुखापत शरीराच्या कुठल्या भागाला झाली, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला अर्थच नाही. हे समजायला या खेळाला फार उशीर लागला आणि त्याची किंमत खेळाडूंनी मोजली.

हा पेच क्वार्टरबॅकच्याच वाट्याला एवढा का येतो, ते आधी सांगायला हवं. चाल सुरू होते तेव्हा चेंडू त्याच्या हातात येतो. हाच स्नॅप. त्यानंतर जेमतेम तीन सेकंदांत समोरच्या अकरा जणांची मांडणी ओळखायची, मोकळा सुटलेला साथीदार हेरायचा आणि चेंडू फेकायचा. सव्वाशे-दीडशे किलोची माणसं तोवर अंगावर येत असतात. नजर लांबवर लावलेली असल्यामुळे बाजूने बसणारा धक्का त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. समोरची मांडणी वाचण्याची ही विद्या वर्षानुवर्षं मार खाऊन येते. चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक तिशीच्या आसपास संपतो. क्वार्टरबॅक मात्र पस्तिशीत सर्वांत शहाणा झालेला असतो, आणि नेमकं त्याच वयात शरीर भरून यायला वेळ घेऊ लागतं.

या सगळ्या इतिहासाचं एक चित्र आहे. २० सप्टेंबर १९६४, पिट्सबर्गचं पिट स्टेडियम. न्यूयॉर्क जायंट्सचा वाय. ए. टिटल ३७ वर्षांचा होता आणि आदल्याच वर्षी त्याने ३६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) देऊन विक्रम केला होता. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या जॉन बेकरने त्याला आदळलं. त्यानंतर टिटल गुडघ्यांवर बसला आहे, हेल्मेट उडालेलं, टक्कल उघडं, कपाळावरून रक्ताचे ओघळ आणि दोन्ही हात मांड्यांवर सैल टाकलेले. मॉरिस बर्मन या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. त्याच्या स्वतःच्या वृत्तपत्राने तेव्हा ते छायाचित्र छापलंच नाही, कारण त्यात खेळ चाललेला दिसत नव्हता. आज ते ओहायोतल्या कँटनमध्ये, या खेळाच्या हॉल ऑफ फेम संग्रहालयात लावलेलं आहे. टिटलच्या मेंदूला हादरा बसला होता, छातीलाही इजा झाली होती. तरी तो त्या मोसमात पुन्हा खेळला. जायंट्सनी १४ पैकी दोनच सामने जिंकले आणि मोसम संपल्यावर तो निवृत्त झाला. मेंदूला हादरा बसलेल्या माणसाला परत का उतरवलं, असं तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. सहन करणं हा त्या काळी नोकरीचाच भाग होता.

बाल्टिमोर कोल्ट्सच्या जॉनी युनायटसची गोष्ट मला याहून अस्वस्थ करते. १९६८ च्या मोसमाआधी त्याचा फेकीचा उजवा हात कोपराजवळ दुखावला. दुखरा हात घेऊन तो पुढे आणखी पाच मोसम खेळला, मधे अकिलीस टेंडनही तुटला, आणि १९७४ मध्ये सॅन डिएगोत तो निवृत्त झाला. त्यानंतरच्या वर्षांत तोच हात निकामी होत गेला. गोल्फ खेळताना तो डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून काठीभोवती मिटवायचा आणि वर वेल्क्रोची पट्टी आवळायचा, तेव्हा कुठे काठी हातात राहायची. प्रत्येक फटक्याला हेच. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी त्याने केलेला अर्ज एनएफएल या व्यावसायिक लीगच्या पेन्शन मंडळाने फेटाळला. २००२ मध्ये तो गेला. त्याने आधीच थांबायला हवं होतं का? हो, असं आज सहज म्हणता येतं. पण पुढे या हाताचं काय होईल, हे त्याला तेव्हा कोणी सांगितलं होतं?

कधी कधी प्रश्न पडायलाच जागा उरत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ ला वॉशिंग्टनचा जो थाइझमन जायंट्सच्या लॉरेन्स टेलरखाली सापडला आणि त्याच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली. टेलर स्वतःच उठून घाबऱ्याघाबऱ्या बाकाकडे हात करत मदत मागत होता. थाइझमन ३६ वर्षांचा होता, पुन्हा खेळला नाही. बरोबर ३३ वर्षांनी, १८ नोव्हेंबर २०१८ ला, त्याच वॉशिंग्टन संघाच्या ॲलेक्स स्मिथची तशीच दोन्ही हाडं मोडली. दोन्ही सामन्यांचा गुणफलकही २३-२१. स्मिथच्या जखमेत मांस खाणारा जंतुसंसर्ग शिरला, पाय कापायची वेळ येऊन टळली, १७ शस्त्रक्रिया झाल्या. आणि ६९३ दिवसांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तो पुन्हा मैदानात उतरला! त्याच मोसमात सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार घेतला आणि एप्रिल २०२१ मध्ये निवृत्त झाला. ज्यांनी त्याला घरी बसायचा सल्ला दिला असेल त्यांची माया मला कळते. पण त्याला आणखी वर्षानुवर्षं खेळायचं नव्हतं. शेवट आपल्या पायावर उभं राहून करायचा होता, आणि तेवढा हक्क त्याचा होता.

हाड आणि टेंडन यांच्याबाबतीत उत्तर निदान वर्षभरात मिळतं. जुळलं की नाही ते दिसतं. मायामीच्या डॅन मरिनोचा अकिलीस टेंडन १९९३ मध्ये तुटला, पुढच्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्याने पाच टचडाउन पास दिले आणि तो १९९९ पर्यंत खेळला. रॉजर्सच्या आधी जेट्सनेच हे दुःख एकदा भोगलं होतं: १९९९ च्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात विनी टेस्टावर्डीचा अकिलीस तुटला. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. २००७ मध्ये, ४४ व्या वर्षी, तो अजून खेळतच होता.

नसा इतक्या सरळ वागत नाहीत. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या पेटन मॅनिंगच्या मानेवर २०११ पर्यंत एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि फेकीच्या हातातलं बळच गेलं. संघमालक आणि खेळाडूंच्या वादातून लीगमध्ये टाळेबंदी असल्यामुळे त्याला संघाची जागा वापरता येत नव्हती. म्हणून तो डेन्व्हरला बेसबॉल संघाच्या बंदिस्त सरावगृहात टॉड हेल्टन या कॉलेजच्या मित्राकडे गेला. पहिलीच फेक अर्ध्या वाटेत जमिनीवर पडली. हेल्टनला वाटलं, गडी मस्करी करतोय. पस्तिशीतल्या मॅनिंगने तेव्हा थांबायचं ठरवलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. मार्च २०१२ मध्ये कोल्ट्सनी त्याला सोडलं, डेन्व्हरने घेतलं, २०१३ मध्ये त्याने ५५ टचडाउन पास देऊन विक्रम केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बाउल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून तो थांबला. त्या शेवटच्या मोसमात मात्र हात थकलेला सगळ्यांना दिसत होता. विजय बचावफळीचा होता.

मेंदूची गोष्ट वेगळीच. २७ सप्टेंबर १९९९ ला सॅन फ्रान्सिस्कोचा स्टीव्ह यंग ॲरिझोनाविरुद्धच्या सामन्यात आपटला आणि काही क्षण निपचित पडून राहिला. त्याची ही पहिली कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, नव्हती. जून २००० मध्ये, ३८ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॅलसच्या ट्रॉय एकमनला कारकिर्दीतली दहावी कन्कशन झाल्याचं सांगितलं गेलं. पाठही साथ देत नव्हती. ३४ व्या वर्षी तोही थांबला. हात चालत होते, पाय चालत होते, क्ष-किरणांत काही दिसत नव्हतं, तरी थांबायचं, हे तेव्हा लोकांना पटायला जड गेलं.

लीगने १९९४ मध्ये मेंदूच्या दुखापतींवर समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष संधिवाताचा डॉक्टर होता आणि तोच जेट्सचा डॉक्टरही होता. २००२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा जुना सेंटर (क्वार्टरबॅकला चेंडू देणारा खेळाडू) माइक वेब्स्टर पन्नाशीत वारला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत सीटीई हा आजार दिसला. वारंवार बसलेल्या हादऱ्यांनी मेंदू आतून झिजतो आणि निदान मृत्यूनंतरच पक्कं होतं. २००५ मध्ये त्यांनी हे शोधनिबंधातून मांडलं, तेव्हा समितीच्या डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले, तडजोडीला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. आज मैदानाच्या कडेला संघाशी संबंध नसलेला मेंदूतज्ज्ञ उभा असतो. टिटलच्या वेळी असा कोणी असता तर तो त्या मोसमात इतक्या सहज परत उतरला नसता.

पैशाचा भागही लपवून चालत नाही. या लीगमधले करार बहुतेक वेळा पूर्ण हमीचे नसतात. जखमी खेळाडूला त्या मोसमाचा पगार मिळतो, पण आपणहून निवृत्त होणारा पुढचा पगार सोडतो आणि आधी घेतलेल्या बोनसचा हिस्साही संघ परत मागू शकतो. म्हणजे जखमी राहणं परवडतं, थांबणं परवडत नाही. २४ ऑगस्ट २०१९ ला कोल्ट्सच्या अँड्रू लकने २९ व्या वर्षी निवृत्तीचं ठरवल्याची बातमी सराव सामना चालू असतानाच फुटली. बरगड्या, फाटलेली किडनी, खांदा, पोटरी, एवढं सगळं सोसून झालेला हा माणूस मैदानाबाहेर चालत निघाला तेव्हा त्याच्याच शहरातल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ते दृश्य आठवलं की आजही राग येतो. संघाने निदान सुमारे अडीच कोटी डॉलर परत मागितले नाहीत.

रॉजर्सच्या बाबतीत हमी होती: दुखापतीच्या दीड-दोन महिने आधीच त्याने दोन वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरचा करार केला होता. तो परतला ते टेंडन जुळला म्हणून आणि त्याला खेळायचं होतं म्हणून. माझ्या मते ते योग्यच होतं. २०२४ मध्ये तो सगळे १७ सामने खेळला, जेट्स १२ हरले आणि त्याला सोडून मोकळे झाले. जून २०२५ मध्ये तो पिट्सबर्गला गेला आणि हा बहुधा शेवटचा मोसम, असं स्वतःच म्हणाला. नोव्हेंबरात सिनसिनाटीविरुद्ध त्याचं डावं मनगट मोडलं. वय ४१. एक सामना बाहेर बसून तो परत उतरला. टिटल जिथे गुडघ्यांवर बसला होता ते पिट स्टेडियम १९९९ मध्येच पाडलं गेलं. स्टीलर्स आता नदीपलीकडच्या स्टेडियममध्ये खेळतात.