पाव सेकंदात ठरणारा स्वभाव

नवी मुंबईत ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये संध्याकाळचे कॉल संपले की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "क्लायंट गप्पच होता, खूश दिसला नाही." क्लायंट कामाबद्दल वावगं काहीच बोललेला नसतो. विचारल्यावर तो जरा थांबला, एवढंच. पण त्या थांबण्यावरून टीमचा निकाल लागलेला असतो.

हे थांबणं मोजता येतं. 2009 साली संशोधक टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या गप्पांचं चित्रीकरण तपासलं. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला उत्तर किती वेळात सुरू होतं, ते त्यांनी पाहिलं. सरासरी निघाली 200 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. सर्वांत चटकन उत्तर देणारे जपानी, 7 मिलिसेकंद. सर्वांत सावकाश डॅनिश, 469. चित्रातली वस्तू ओळखून तिचं नाव उच्चारायलाही माणसाला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ, समोरच्याचं बोलणं चालू असतानाच ते कुठे संपणार याचा अंदाज घेऊन आपण उत्तर जुळवायला घेतो. जगात कुठेही जा, संभाषण असंच चालतं.

मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुढची. उत्तर युरोपातले लोक बोलताना लांबलचक शांतता पाळतात, असं अनेक अभ्यासकांनी आधी लिहून ठेवलं होतं. मोजल्यावर डॅनिश भाषेतला फरक सरासरीपेक्षा फक्त पाव सेकंदाचा निघाला. सवयीच्या तालापेक्षा एवढंसं काही मागेपुढे झालं तरी कानाला ते खुपतं, आणि मन लगेच त्याचं कारण माणसात शोधतं. हा आखडू आहे, तो आगाऊ आहे, हिला रस नाही. (त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती, त्यामुळे मराठी माणसाचा ताल अमुक मिलिसेकंदांचा, असं म्हणायला आधार नाही.)

त्यात ऑनलाइन कॉलची भर. आवाज समुद्रापार पोहोचायला लागणारा वेळ आपल्याला दिसत नाही. 2014 साली बर्लिनच्या संशोधकांनी मुद्दाम उशीर घातलेल्या लाइनवर लोकांना बोलायला लावलं, तेव्हा त्या उशिराचं खापर समोरच्या माणसावर फुटलं. तो कमी लक्ष देतोय, असं ऐकणाऱ्यांना वाटलं.

तालाचं जे होतं तेच सुराचं. 1970च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढायच्या कामाला लागल्या होत्या. त्या तुसड्या आहेत, अशी ओरड सुरू झाली. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी तिथलं बोलणं टेप करून ऐकलं. बायका फार कमी बोलत होत्या. ताटात मांस वाढल्यावर रस्सा हवा का, हे विचारायला ब्रिटिश बाई 'ग्रेव्ही' हा शब्द शेवटी सूर चढवून म्हणायची. आपल्याकडच्या बायका तोच शब्द सूर उतरवून म्हणायच्या. त्यांच्या लेखी तो सरळ प्रश्न होता. गिऱ्हाइकाला मात्र 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या' असं ऐकू यायचं. ती टेप दोन्ही बाजूंना ऐकवली, तेव्हा नेमकं काय बिनसतंय ते उलगडलं. आपल्याला इतके दिवस वेगळी वागणूक का मिळत होती, हे त्या बायकांना पहिल्यांदाच कळलं.

हेच गम्पर्झ आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडलाही येऊन गेले होते. रॉबर्ट विल्सन यांच्यासह 1971 साली त्यांनी लिहिलं की, पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना जवळपास एकसारखी झाली आहे. शब्द तेवढे ज्याचे त्याचे राहिलेत. नवी मुंबईला तेवढा अवधी मिळालेला नाही. सिडकोची स्थापनाच 1970ची. आगरी-कोळी गावांच्या भोवती केरळपासून आसामपर्यंतची माणसं इथे येऊन वसली. आपोआप जुळायची वाट बघत बसलो तर निम्मं आयुष्य गैरसमजात जाईल.

पण दुरुस्तीची सोय बोलण्यातच असते. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्स आणि सहकाऱ्यांनी 2015 साली बारा भाषांमधल्या गप्पा तपासल्या. साधारण दर दीड मिनिटाला कोणी ना कोणी समोरच्याला थांबवून पुन्हा विचारत होतं. प्रत्येक भाषेत विचारण्याच्या तऱ्हाही त्याच तीन : नुसतं 'आं?', नेमका भाग पकडून 'कुठे?', किंवा आपल्याला कळलेलं मांडून 'अमुकच ना?'. जमेल तितका नेमका प्रश्न विचारायचा, म्हणजे समोरच्यावर कमी भार पडतो, हा कलही सगळीकडे सारखा.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये हे रोज पाहायला मिळतं. परप्रांतातून आलेला ड्रायव्हर, जावळीकडचा माथाडी, मागे हॉर्नचा गोंगाट. माथाडी ओरडतो, "गाडी मागं घे!" ड्रायव्हर "क्या?" म्हणाला तर तेच वाक्य आणखी मोठ्याने येतं, आणि मोठा आवाज म्हणजे राग, असा दुसरा घोळ सुरू होतो. तोच जर म्हणाला, "पीछे, गेट तक?" तर माथाडीला फक्त हात हलवायचा असतो.

ऐरोलीच्या कॉलवर "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं की भिडस्त माणूस हो म्हणून मोकळा होतो, आणि मग त्याच्या थांबण्याचे अर्थ लावत बसावं लागतं. "शुक्रवारी पहिला भाग देतो, उरलेला बुधवारी. चालेल की सगळं एकदमच हवं?" असं विचारून तीन सेकंद गप्प राहिलं, तर त्याला उत्तर जुळवायला वेळ मिळतो, लाइनचा उशीरही त्यात सामावतो, आणि नकार असेल तर तो त्याच कॉलवर ऐकायला मिळतो.