उक्त्याच्या कामातला ‘ठेकेदार’ गवंडी: पार्श्वभूमी

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत प्लास्टर, टाइल्स, सेंट्रिंगची कामे चौरस फुटाच्या लेबर रेटने सुटतात. चार माणसे घेऊन येणारा गवंडी कागदावर ठेकेदार होतो आणि किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, अपघात भरपाई ही सगळी जबाबदारी बिल्डरकडून त्याच्या अंगावर येते.

असा माणूस कामगार की ठेकेदार, हा वाद जुना आहे. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सौराष्ट्रातल्या मिठागरांवरचे अगरिया होते. पैसे मणावर, कामाच्या वेळा त्यांच्याच, जादा मजूरही ते स्वतःच्या पैशाने ठेवत. तरी न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवले, कारण ते स्वतः राबत होते आणि मिठाची प्रत तपासण्यापर्यंत देखरेख मालकाची होती. हीच कसोटी साइटवर लावून पाहावी. सिमेंट-वाळू बिल्डरची, मालाचे प्रमाण आणि लेव्हल इंजिनिअर ठरवतो, मापही तोच घेतो. गवंड्याची थापी, ओळंबा आणि अंगमेहनत. त्याला स्वतंत्र व्यावसायिक म्हणणे ही पळवाट आहे.

नुकसान कुठे होते ते हिशेबात दिसते. समजा १,००० चौरस फूट प्लास्टर २० रुपयांनी घेतले. चौघांनी सहा दिवसांत उरकले तर माणशी रोज ८३३ रुपये. वाळू वेळेवर आली नाही, दोन दिवस बसून गेले, की ६२५. त्यातून १० टक्के रक्कम राखून ठेवली तर हातात ५६२. ही राखीव रक्कम बहुतेकदा तडे गेल्याच्या नावाखाली बुडते. शिवाय बिल ३०,००० रुपयांवर गेले की ठेकेदार म्हणून १ टक्का टीडीएस.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने उक्त्याच्या कामालाही किमान दर लावला. १९७० च्या ठेका मजुरी कायद्याने ठेकेदाराने थकवलेली मजुरी मूळ मालकावर टाकली, पण लहान टोळ्या मजुरांच्या किमान संख्येच्या अटीमुळे बाहेर राहिल्या. महाराष्ट्राने ती मर्यादा २० वरून ५० केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही ती ५० आहे.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळाकडच्या नोंदणीला वर्षात ९० दिवसांच्या कामाची अट घातली; नव्या संहितेतही ती आहे आणि त्यासाठी कामाचा दाखला लागतो. बिगाऱ्याला तो ठेकेदार देऊ शकतो. ‘ठेकेदार’ झालेल्या गवंड्याला कोण देणार? सिंहस्थाच्या कामांवर पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्यांपुढे हाच प्रश्न आहे. रोजची हजेरी, मापवहीचा फोटो आणि माल कोणी पुरवला याची चलने जपून ठेवली, तर १९५६ ची कसोटी आजही लावता येते.