इतक्या थंडीतही रेणू जोडीदार बदलतात

थंड केलं की केमिकल रिॲक्शन मंदावते हे शाळेपासून ऐकतोय आपण. मग तापमान अगदी तळाला नेलं तर? तळ म्हणजे उणे २७३.१५ सेल्सिअस, त्याखाली जाताच येत नाही. मला वाटायचं तिथे सगळं ठप्प असणार, रेणू आपले गपगार पडलेले. पण तसं नाहीये.

खोलीतल्या हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर पळतो, एवढ्या घाईत टक्कर झाली की कोण कुठून आपटलं, कोण गिरक्या घेत होतं याचा पत्ताच लागत नाही, हाती येते ती सरासरी. आता पोटॅशियम आणि रुबिडियमचा एकेक अणू जोडलेला रेणू घ्या आणि तळाच्या वर फक्त ५०० नॅनोकेल्विनपर्यंत आणा, म्हणजे एका अंशाचे वीस लाख भाग केले तर त्यातला एक. वेग उरतो सेकंदाला जेमतेम १ सेंटीमीटर. आणि क्वांटमच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, नियमाने रेणू लाटेसारखाही वागतो, वेग कमी झाला की ती लाट पसरते, इथे ती २०० नॅनोमीटरच्या आसपास जाते, रेणूच्या आकाराच्या शेकडो पट! म्हणजे गोट्या आपटल्यासारखी टक्कर विसरा, इथे लाटा एकमेकींत मिसळतात.

बहुतेक रेणू लेझरने थेट थंड करणं महाकठीण, कारण ते नुसते पळत नाहीत, थरथरतात, फिरतात. म्हणून जुगाड असा की आधी अणू थंड करायचे, चुंबकीय क्षेत्र हळूच बदलून त्यांच्या ढिल्या जोड्या लावायच्या, मग दोन लेझरनी त्या जोड्या सगळ्यात खालच्या ऊर्जापातळीत उतरवायच्या. अमेरिकेतल्या बोल्डरला डेबोरा जिन आणि जुन ये या भौतिकशास्त्रज्ञांच्या ग्रुपने २००८ मध्ये हे जमवलं.

२०१० मध्ये त्यांनाच दिसलं की दोन रेणू भेटले की जोडीदार बदलतात, पोटॅशियम पोटॅशियमकडे, रुबिडियम रुबिडियमकडे. या रिॲक्शनला आधी ऊर्जेचा चढ चढावा लागत नाही, म्हणून थंडी आड येत नाही. आड येतं ते वेगळंच. हे रेणू फर्मिऑन नावाच्या जातीचे कण, या जातीतले दोघं हुबेहूब असले तर सरळ समोरासमोर येऊच शकत नाहीत, वळसा घालून यावं लागतं, त्यात एक उंचवटा लागतो आणि तो ओलांडायची ताकद नसल्याने बोगद्यातून निसटल्यासारखं पलीकडे जावं लागतं. आता काही रेणूंच्या फक्त अणुकेंद्राचा स्पिन, म्हणजे त्याचा छोट्या चुंबकासारखा अंगचा गुण, बदला, की दोघं हुबेहूब राहत नाहीत आणि रिॲक्शन १० ते १०० पट वेगाने होते. एरवी केमिस्ट्री ज्याला हिंग लावून विचारत नाही असा तो स्पिन, आणि इथे सगळं तोच ठरवतो, मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

२०१९ मध्ये हार्वर्डला कांग-कुएन नी यांच्या ग्रुपने मधला टप्पाच पकडला, चारही अणू क्षणभर एकत्र चिकटलेले. त्याचं आयुष्य किती ते मोजताना भलतीच अडचण आली, रेणू धरून ठेवायला लावलेल्या लेझरचा उजेडच या चौकडीला उधळून लावत होता. मग तो लेझर चालू-बंद करत मोजलं, आणि अंधारात ती टिकली सुमारे ३६० नॅनोसेकंद.